चौकटीबाहेरचे आठ जण

आमच्या मराठी विभागाच्या भिंतीवर एक छायाचित्र लावलेले होते. मावळतीचे केशरी आभाळ, समुद्रात रोवलेले चार खांब, प्रत्येक खांबाला बांधलेल्या आडव्या पट्टीवर तोल सावरून बसलेला एकेक मच्छीमार, हातात बारीक काठी आणि खाली धुक्यासारखे विरघळलेले पाणी. छायाचित्र आम्हीच काढलेले. २०२४ च्या एका दिवाळी अंकाने ते छापले, तेव्हा त्याखाली आम्हीच लिहून दिलेली ओळ होती : 'श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावरील हजारो वर्षांची मासेमारीची परंपरा'. पुष्कळांनी कौतुक केले. सहकाऱ्यांनी ते मोठे करून चौकटीत बसवले. पदव्युत्तर वर्गातील एक विद्यार्थिनी, जी रत्नागिरीकडच्या मच्छीमार घरातली आहे, ते बराच वेळ न्याहाळत उभी राहिली आणि मग तिने विचारले, "सर, यांना त्या दिवशी काय मिळालं?"

प्रश्न साधा होता. आम्हांला उत्तर ठाऊक होते आणि ते देता येत नव्हते. प्रस्तुत लेख म्हणजे ते उशिरा दिलेले उत्तर आहे. त्यानिमित्ताने परदेशातील छायाचित्रण-कार्यशाळा नावाच्या प्रकाराविषयी आणि त्याच्याशी असलेल्या साहित्याच्या नात्याविषयी काही मते मांडावयाची आहेत.

प्रथम या प्रकाराची ओळख. सहा ते दहा हौशी माणसे, एक अनुभवी छायाचित्रकार, एक छोटी बस, आठ-दहा दिवसांचा प्रवास. नेहमीच्या सहलीत स्थळे ठरलेली असतात. येथे स्थळांबरोबर प्रकाशही ठरलेला असतो. अमुक पूल पहाटे, अमुक मळा धुके असताना, अमुक किनारा सूर्यास्ताच्या आधी पाऊण तास. आम्ही फेब्रुवारी २०२४ मध्ये अशा एका कार्यशाळेबरोबर श्रीलंकेला गेलो. आम्ही आठ जण होतो : एक दंतवैद्य, दोन संगणक-अभियंते, एक निवृत्त बँक-अधिकारी, एक गृहिणी, एक वकील, एक महाविद्यालयीन तरुण आणि आम्ही. खर्च आमच्या दोन महिन्यांच्या पगाराहून अधिक होता. तो केल्याबद्दल घरी जे ऐकावे लागले ते येथे सांगण्याचे कारण नाही.

या कार्यशाळेतून आम्ही काहीच मिळवले नाही, असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. गट लहान असण्याचा फायदा खरा असतो. रोज रात्री जेवणानंतर प्रत्येकाने आपली पाच छायाचित्रे पडद्यावर दाखवायची आणि इतरांनी बोलायचे, असा नियम होता. आमच्या मार्गदर्शकांची नजर तीक्ष्ण होती आणि बोलणे मोजके. "या चित्रात दोन चित्रं आहेत, एक काढून टाका," असे ते म्हणत, तेव्हा आम्हांला आमच्या वर्गातले कवितावाचन आठवे. काय घ्यावे यापेक्षा काय वगळावे हे कळणे म्हणजे शैली, हे आम्ही वीस वर्षे शिकवीत आलो. पण स्वतःच्या पाच चित्रांपैकी तीन बाद होताना बसून पाहणे हा त्याचा खरा पाठ होता. लेखनाच्या कार्यशाळांतून आपण एकमेकांना जितके सांभाळून घेतो, तितके तिथे कोणी घेत नव्हते.

आता त्या संध्याकाळीकडे येतो. गॉलच्या आग्नेयेस कोग्गल, अहंगम, वेलिगम ही किनाऱ्यालगतची गावे. प्रवाळाच्या खडकात रोवलेले ते खांब याच पट्ट्यात दिसतात. खांबाला बांधलेल्या आडव्या पट्टीला तिथे 'पेत्त' म्हणतात. तिच्यावर बसून, एका हाताने खांब धरून, दुसऱ्या हाताने काठी हलवीत राहायची. गळाला आमिष लावण्याची रीत नाही. पाण्यावर फार सावली पडू न देता, माशांच्या थव्याला न बिचकवता लहान मासे वर काढायचे, ही ती पद्धत.

आमची बस थांबली तेव्हा किनाऱ्यावर एक गृहस्थ प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले होते. चालकाने त्यांच्याशी बोलून दर ठरवला : खांबावर बसणाऱ्या प्रत्येकास एक हजार श्रीलंकन रुपये, सूर्य बुडेपर्यंत. हाक मारल्यावर नारळीच्या बागेतून चौघे आले. एकाच्या अंगात फुटबॉल संघाची बनियनवजा जर्सी होती, दुसऱ्याच्या मनगटावर घड्याळ होते. आमच्यातील एकाने जर्सी काढण्यास सांगितले, दुसऱ्याने घड्याळ. घड्याळ आम्ही सांगितले. त्यांनी ते काढले, निमूटपणे, सवयीने. तिसऱ्याने तर कोणी सांगण्यापूर्वीच पँट बदलून सारोंग नेसले होते. मग ते खांबांवर चढले, आणि आठ तिपायांवरील आठ कॅमेरे त्यांच्याकडे वळले. पाणी रेशमासारखे दिसावे म्हणून भिंगासमोर काळी काच लावून दोन-दोन सेकंदांचे चित्र घ्यायचे होते. म्हणून तेवढा वेळ हलू नका, असेही त्यांना सांगण्यात आले. मासेमाराने हलायचे नाही, अशी ती मासेमारी होती. त्यांच्या कमरेच्या पिशव्या रिकाम्या होत्या आणि रिकाम्याच राहिल्या.

नंतर पैसे घेताना त्यांच्यातील वयस्क गृहस्थ मोडक्या इंग्रजीत बोलले. त्यांचे वडील याच खांबावर खरोखर मासे धरीत. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर पुष्कळ काही गेले. मासेही पूर्वीसारखे उरले नाहीत. आता असे बसण्याचे पैसे माशांपेक्षा बरे मिळतात, आणि बसमधून माणसे येतात तोवर हे चालेल. २०२२ साली देशाचे अर्थकारण कोसळले, पर्यटक यायचे थांबले, तेव्हा खांब तसेच होते. त्यांच्यावर बसण्याचे मोल देणारे नव्हते. हे सांगताना त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. शेवटी त्यांनी घड्याळ पुन्हा बांधले.

या माणसांनी आम्हांला फसवले असे म्हणता येईल काय? आमचे मत : मुळीच नाही. ते नट होते आणि त्यांनी आपले काम चोख केले. फसवणूक झाली ती नंतर, आमच्या लेखणीने, चित्राखालच्या एका ओळीत. 'हजारो वर्षांची परंपरा' हे शब्द आम्ही कोठून आणले? कोणी सांगितले नव्हते, कोठे वाचले नव्हते. चित्र पाहून ते आपोआप सुचले, आणि आपोआप सुचणारे शब्द तपासून घ्यावेत असे आम्ही विद्यार्थ्यांना नित्य बजावतो.

वस्तुस्थिती अशी की, सर्वसाधारणपणे मानले जाते त्याप्रमाणे ही पद्धत दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली आहे. अन्नाची टंचाई होती, किनाऱ्यावर गर्दी वाढली होती. बुडालेल्या जहाजांच्या व पडलेल्या विमानांच्या अवशेषांवर बसून काहींनी मासे धरायला सुरुवात केली आणि पुढे खडकात खांब रोवले. म्हणजे ही 'प्राचीन परंपरा' साधारणपणे मराठी नवकवितेच्या वयाची आहे. मर्ढेकरांच्या 'काही कविता' १९४७ साली आल्या. नवकवितेला हजारो वर्षांची परंपरा असल्याचे कोणी लिहिले तर आम्ही त्याची उत्तरपत्रिका लाल शाईने रंगवू. परदेशी किनाऱ्यावरच्या उघड्या अंगाच्या माणसाबाबत मात्र तेच विधान आम्हांला खटकले नाही. उघडे अंग आणि मावळता सूर्य एवढ्या पुराव्यावर आम्ही त्याला काळाच्या बाहेर नेऊन बसवले.

त्या किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर मार्टिन विक्रमसिंह यांचे घर आहे. आधुनिक सिंहली कादंबरीतील हे सर्वांत मोठे नाव (१८९०–१९७६), जन्म कोग्गलचा. त्यांच्या 'गम्पेरळिय' (१९४४) या कादंबरीच्या नावाचाच अर्थ गावाची उलथापालथ असा आहे. दक्षिणेकडील एका खानदानी घराण्याच्या पडझडीतून ती जुन्या ग्रामजीवनाचे विघटन दाखवते. पुढे लेस्टर जेम्स पिरिस यांनी तिच्यावर चित्रपट केला. १९४२ मध्ये ब्रिटिश हवाई दलाने कोग्गल येथे तळ उभारला, तेव्हा गावकऱ्यांना घरे सोडावी लागली. त्या पाडापाडीतून विक्रमसिंहांचे जन्मघर वाचले आणि आज तिथे लोकसंस्कृतीचे संग्रहालय आहे. ज्या युद्धाने गाव हलवले, त्याच युद्धाच्या काळात ते खांब समुद्रात उभे राहिले. ही सगळी हकिकत आमच्या चित्राच्या चौकटीला अगदी चिकटून उभी होती. कार्यशाळेच्या वेळापत्रकात तिला जागा नव्हती, कारण दुपारच्या कडक उन्हात संग्रहालयाचे चित्र चांगले येत नाही. परतीच्या आदल्या दिवशी इतर जण विश्रांती घेत असताना आम्ही एकटेच तिथे जाऊन आलो. चित्राखालची ओळ त्यानंतर लिहिली, हे अधिक लाजिरवाणे.

असे का झाले, याचे उत्तर आम्हांला साहित्यशास्त्रात सापडते. राजशेखराने 'काव्यमीमांसे'त कविसमयांची चर्चा केली आहे. कमळे वास्तविक साचलेल्या पाण्यात उगवतात, पण कवी त्यांना नदीत फुलवतात. कीर्तीला रंग नसतो, पण कवी ती पांढरी मानतात. यात कोणी फसत नाही, कारण हा संकेत आहे हे कवीला ठाऊक असते आणि रसिकालाही. प्रवासी छायाचित्रणाचेही असेच समय बनून गेले आहेत : खांबावरचा मच्छीमार, चहाच्या मळ्यातील हसरी स्त्री, नऊ कमानींच्या पुलावरून जाणारी निळी आगगाडी, पायऱ्या उतरणारा भगव्या वस्त्रांतला भिक्षू. खांबावरच्या मच्छीमारांचे स्टीव्ह मॅकरी यांनी वेलिगम येथे १९९५ साली टिपलेले चित्र जगभर पोहोचले. आम्ही सर्वांनी ते जाण्यापूर्वी पाहिलेले होते. खरे तर आम्ही समुद्र पाहायला गेलोच नव्हतो. ते चित्र आपल्या कॅमेऱ्यातून पुन्हा एकदा निघते का, हे पाहायला गेलो होतो.

फरक असा की छायाचित्रातील समय हा समय आहे हे पाहणाऱ्याला ठाऊक नसते. तो त्याला साक्ष मानतो. नदीतले कमळ आणि हे चित्र यांत हा एवढाच भेद आहे, आणि सारा नैतिक प्रश्न त्या भेदात आहे. २०१६ मध्ये मॅकरी यांच्या काही चित्रांत नंतर फेरफार केल्याचे उघड झाले, तेव्हा आपण वृत्त-छायाचित्रकार नसून दृश्यांतून कथा सांगणारे आहोत, अशी भूमिका त्यांनी घेतली. ती भूमिका समजण्यासारखी आहे. पण कथा सांगणाऱ्याने 'ही कथा आहे' असे सांगायला हवे, आणि तेही चित्र विकले जाण्यापूर्वी.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. चित्रकार प्रतिरूपांना पैसे देऊनच बसवतात. छायाचित्राने तेवढे केले तर बिघडले कोठे? श्रीलंकेतच याची थोर उदाहरणे आहेत. ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांनी आयुष्याची शेवटची वर्षे (१८७५–७९) तेथे काढली आणि मळ्यांवरील कामकऱ्यांना समोर उभे करून चित्रे घेतली. लायनेल वेंट (१९००–१९४४) यांनी तर प्रकाश, देह आणि रसायन यांची मांडणी करूनच आपली अप्रतिम चित्रे घडवली. आक्षेप आम्हांला मान्य आहे. मांडणी हे पाप नाही. वेंट यांचे चित्र पाहताना आपण वेंट यांची दृष्टी पाहतो आहोत हे क्षणभरही विसरायला होत नाही. आमच्या चित्रात मात्र सारी धडपड आम्ही तिथे नव्हतोच असे भासवण्याची होती. चौकटीच्या डाव्या कडेला दंतवैद्यांच्या तिपाईचा पाय येत होता. तो जाईपर्यंत आम्ही तीन वेळा जागा बदलली.

येथे मराठी प्रवासलेखनाची आठवण होणे अपरिहार्य आहे. गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' (प्रकाशन १९०७) आपण सत्तावन्नच्या धामधुमीचा प्रत्यक्षदर्शी वृत्तांत म्हणून वाचतो. पण ते वरसईहून निघाले ते इतिहास पाहायला नव्हे. बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल, कर्ज फिटेल, या आशेने निघाले, आणि हे त्यांनी आडपडदा न ठेवता लिहिले. आपण कशासाठी आलो, किती मिळाले, काय लुटले गेले, हे सांगणाऱ्या माणसाच्या शब्दावर आपण पुढे झाशीच्या बाबतीतही विश्वास ठेवतो. इरावती कर्वे वारीबरोबर चालल्या. त्यांच्या 'वाटचाल' या लेखात वारीची शोभा आहे, आणि जातीजातींच्या वेगळ्या पंगती पाहून झालेली लेखिकेची तगमगही आहे. पाहणारा कोण, तो कोठे उभा आहे, त्याच्या हातात काय आहे, हे या लेखकांनी चौकटीत घेतले. 'मी'ची ही उपस्थिती अनेकदा प्रवासवर्णनाचा दोष म्हणून दाखवली जाते. आम्हीही तसे शिकवले आहे. आता वाटते, ती त्या लेखनाची सचोटी होती.

वारीचा उल्लेख आलाच आहे तर एक गोष्ट आपल्या घरचीही पाहू. आषाढात दिवेघाटाच्या वळणावर आणि रिंगणाच्या कडेला कॅमेऱ्यांची किती दाटी होते हे सर्वांनी पाहिले आहे. डोईवर तुळस घेतलेल्या, सुरकुतल्या चेहऱ्याच्या आजी हा आपला कविसमय. त्या आजींना "जरा थांबा, वर बघा" असे कोणी सांगितलेले ऐकले की आपल्याला राग येतो. तो राग कोग्गलच्या किनाऱ्यावर आम्हांला का आला नाही? कारण तिथे "घड्याळ काढा" म्हणणारे आम्ही होतो.

चहाच्या मळ्यातही हेच घडले. डोंगराच्या कुशीत पाने खुडणाऱ्या दोन स्त्रियांना थांबवून हसायला सांगण्यात आले. मळ्यांवरील हा तमिळ समाज एकोणिसाव्या शतकात दक्षिण भारतातून तिथे नेला गेला. १९४८ च्या कायद्याने त्यातील बहुसंख्यांना नागरिकत्व नाकारले गेले आणि तो प्रश्न पुरता सुटायला २००३ चा कायदा यावा लागला. २०२१ मध्ये त्यांची रोजची किमान मजुरी एक हजार श्रीलंकन रुपये ठरली. म्हणजे खांबावर एक संध्याकाळ बसण्याचे जे मोल आम्ही दिले, ते मळ्यात दिवसभर राबण्याच्या त्या मजुरीइतके होते. हा हिशेब कोणत्याही सुंदर चित्रात दिसत नाही. दिसावा अशी अपेक्षाही नाही. पण चित्राखाली दोन ओळींची जागा असते.

मग अशा कार्यशाळांना जाऊ नये काय? आमचे मत तसे नाही. न गेल्याने त्या चौघांचे चार हजार बुडतात आणि आपली शुचिता तेवढी राखली जाते. आमच्या सूचना लहान आहेत. जिथे जावयाचे त्या देशाची एखादी कादंबरी जाण्यापूर्वी वाचावी. मार्गदर्शकाने सामानाच्या यादीत भिंगांबरोबर तिचेही नाव घालावे. दहा दिवसांत एक दिवस कॅमेरे बसमध्ये ठेवून चित्रातल्या माणसांशी बोलण्यासाठी राखावा. आणि पैसे देऊन घेतलेल्या चित्राखाली तसे लिहावे. यामुळे चित्राचे सौंदर्य उणे होईल अशी भीती ज्यांना वाटते, त्यांनी ते सौंदर्य कशावर उभे होते हे तपासावे.

आणखी एक. त्या संध्याकाळी प्रकाश संपल्यावर आम्ही वीस पावले मागे गेलो आणि सहज एक चित्र काढले. त्यात डावीकडे वाकलेल्या पाठींची रांग आहे, तिपायांचे चोवीस पाय आहेत (आमची तिपाई आम्ही उचलली होती, तरी वाळूत तिच्या खुणा दिसतात), खुर्चीवरचे गृहस्थ आहेत, वाळूवर घडी करून ठेवलेली जर्सी आहे, आणि दूर खांबांवर चार लहान आकृती आहेत. खरे तर तिपाया सातच. चोवीस पाय कसे, म्हणून परवा मोजले तर एकवीस भरले. आठवणीवर लिहिले की असे होते. रात्री ते पडद्यावर दाखवले तेव्हा मार्गदर्शक हसून म्हणाले, "हे आठवण म्हणून ठेवा." त्यांच्या दृष्टीने ते बरोबर होते, त्यात एक नव्हे, चार चित्रे होती.

विभागाच्या भिंतीवर आता ते लावले आहे. जुने खाली उतरवले, आणि त्या अंकाच्या संपादकांना दुरुस्तीचे पत्र पाठवले. नव्या चित्राखाली लिहिले आहे : 'कोग्गल, श्रीलंका, फेब्रुवारी २०२४. चार जण, प्रत्येकी एक हजार श्रीलंकन रुपये. मासे : नाहीत.' त्या विद्यार्थिनीला ते दाखवले. तिने वाचले, थोडी थांबली आणि म्हणाली, "आमच्याकडेही आता येतात सर असे लोक, बंदरावर. बाबा त्यांना सांगतात, आधी जाळं ओढायला हात लावा."